कस्तीची लोकर कुठली?

पालघरच्या किनाऱ्यावर लोकर पिकत नाही. पावसाळ्यातला चिखल आणि ओल मेंढीला मानवत नाही. धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात ते पाऊस सरल्यावर, आणि मृगाच्या आधी घाट चढून परत जातात. तरीही तारापूर, डहाणू, घोलवड या पट्ट्यातल्या पारशी घरांत नवजोत, म्हणजे धर्मदीक्षा, झालेल्याच्या कमरेला, मुलगा असो वा मुलगी, परंपरेनं लोकरीची कस्ती, म्हणजे पवित्र दोरी, बांधलेली असते. तिच्या आतला सुद्रा, म्हणजे पवित्र सदरा, सुती, इथल्या हवेला साजेसा. शेजारी गुजरातेत कापूस अमाप. मग कस्तीपुरता लोकरीचा हट्ट कशाला? कस्तीचं कूळ शोधताना लोक बहुधा तिच्या आकड्यांकडे वळतात. माझ्या मते ते या हट्टात आणि विणणाऱ्या हातांत शोधायला हवं.

आधी तिची घडण पाहू. हातानं कातलेल्या लोकरीचे दोन धागे एकत्र पिळायचे, जंतर नावाच्या छोट्या मागावर ताण्याचे ७२ धागे घ्यायचे आणि बाणा गोल फिरवत न्यायचा. त्यामुळे निघते ती सपाट पट्टी नसते, पोकळ नळी असते. विणून झाल्यावर ती सुईनं ओढून आतली बाजू बाहेर उलटतात. हे काम परंपरेनं पुरोहित घराण्यातल्या बायकांचं. मागावरून ती कापायचा अधिकार मात्र मोबेदाचा, म्हणजे पुरोहिताचा, तोही मंत्र म्हणत. (श्रम एकीचे, शिक्का दुसऱ्याचा, ही वाटणी आपल्यालाही अनोळखी नाही.) ७२ म्हणजे यस्ना या धर्मग्रंथाचे अध्याय, गोंड्यातले २४ धागे म्हणजे विस्परद या ग्रंथाचे, १२ महिने, ६ गहंबार सण, असा अर्थ लावला जातो. अर्थ सुंदर आहे, पण वंशावळ ठरवायला तो अपुरा. ७२ हा आकडा २, ३, ४, ६ कशानंही भागा, सुटतो. विणकराला तो सोयीचाच. ग्रंथ मागावर आला की माग ग्रंथापर्यंत पोचला, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. पेरूमधल्या टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर बायका रुंद कमरपट्टा विणतात. त्यावर वर्षभरातली शेतीची कामं आणि धार्मिक विधी चित्रांत उतरलेले असतात. २००५ मध्ये युनेस्कोनं त्या कलेची दखल घेतली. कमरेला वर्ष बांधण्याची कल्पना इराण आणि अँडीजमध्ये एकमेकांना न विचारता सुचू शकते. नळीसारखी वीणसुद्धा अँडीजच्या शालींच्या काठांना आहे. म्हणजे कल्पना किंवा वीण सुटी घेतली तर पुरावा होत नाही. लोकर, ७२ धागे आणि विणणारी बाई हा सगळा संच इराणातल्या यझ्दच्या बाजूला आणि इकडे नवसारीत एकत्र आढळतो, तेव्हा योगायोग म्हणून तो सोडून देता येत नाही.

यावर पहिला आक्षेप जानव्याचा. इराणातून इथं आल्यावर पारशांनी शेजाऱ्यांचं पाहून कस्ती घेतली असेल, असं कुणी म्हणेल. पण जानवं खांद्यावरून जातं, कस्ती कमरेला तीन वेढे घेते. तिची खरी जोड मुंजीतल्या मेखलेशी. लोकर परकी म्हणावी, तर मनुस्मृतीही वैश्याचं उपवीत मेंढीच्या लोकरीचं सांगते. तेव्हा दोन्ही प्रथांचा पूर्वज एकच, भारत-इराणी काळातला, असं मानणं रास्त; उसनवारीची गरज उरत नाही. उसनीच घ्यायची असती तर सुताची घेतली असती.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. १४७८ मध्ये भरूचचा नरिमान होशंग इराणातून धर्मविषयक उत्तरं घेऊन आला आणि पुढं अठराव्या शतकापर्यंत अशी ‘रिवायतं’ येत राहिली. मग कस्तीही तेव्हाच नव्यानं शिकली नसेल कशावरून? पत्रानं विधी कळतो, शंका फिटते. गोल फिरणारा बाणा किती ओढायचा, नळी कुठं घट्ट होते, हे मात्र मागाशी शेजारी बसूनच कळतं. पत्रं नेणारे-आणणारे पुरुष होते आणि माग बायकांकडे होता. रिवायतांनी नियम पक्के केले असतील. हात त्याआधीच तयार असले पाहिजेत.

१५९९ मध्ये बहमन कैकोबादानं लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजान’ या काव्यात इराणातून आलेल्या पारशांना इथला राजा आश्रयासाठी अटी घालतो: इथली भाषा बोला, शस्त्रं खाली ठेवा, बायकांनी इथला वेश घ्यावा. काव्य घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेलं, त्यामुळे अटी शब्दशः धरू नयेत. पण परिणाम समोर आहेत. भाषा गुजराती झाली, बायका साडी नेसू लागल्या. पारशांची वस्ती असलेलं संजाण पडल्यावर त्यांचा पवित्र अग्नी डहाणूजवळच्या बाहरोटच्या डोंगरात लपवावा लागला, पुढं तो गावोगाव फिरला. जे वरून दिसत होतं ते पारशी बायकांनी बदललं. साडीच्या आत, सुद्र्यावर बांधायची लोकर त्यांनी बाहेरून आणवली आणि कातत राहिल्या.