प्रसूतीनंतरचे वजनबदल

बाळंतपणानंतर स्त्रीचे शरीर पूर्वस्थितीला येताना तिच्या वजनात होणारे बदल. प्रारंभीची घट मुख्यतः बाळ, वार व पाणी शरीराबाहेर गेल्यामुळे होते. चरबी त्यानंतर सावकाश उतरते.

प्रारंभीची घट : बाळ, वार, गर्भजल व रक्तस्राव मिळून प्रसूतीच्या वेळीच साधारण ५ ते ६ किग्रॅ. वजन कमी होते. पुढील आठवडाभरात लघवी व घामावाटे साठलेले पाणी निघून जाऊन ते आणखी २ ते ३ किग्रॅ. घटते. सिझेरियनमध्ये शिरेवाटे द्रव दिला गेल्यास पायांवरची सूज काही दिवस टिकते व ही घट उशिरा दिसते. प्रसूतीनंतर सुमारे १ किग्रॅ. भरणारे गर्भाशय सहा आठवड्यांत १०० ग्रॅमपेक्षाही हलके होते. पोटाचे स्नायू मध्यरेषेपासून विलग झाले असल्यास वजन उतरूनही पोट पुढे आलेले दिसते. पोट बांधल्याने आधार मिळतो. चरबी घटत नाही.

स्तनपान व आहार : गरोदरपणी साठलेली चरबी दूधनिर्मितीसाठी उपयोगी पडते. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला रोज सुमारे ६०० किलोकॅलरी जादा लागतात. भूकही वाढत असल्याने केवळ स्तनपानाने वजन हमखास उतरतेच असे नाही. महाराष्ट्रात बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती व डिंकाचे, अळिवाचे लाडू देण्याची प्रथा आहे. अळिवातून लोह मिळते; मात्र तूप व गूळ यांमुळे लाडवांतील ऊर्जा बरीच असते. बैठ्या दिनक्रमात त्यांचे प्रमाण राखावे लागते. अपुरा आहार व लवकर सुरू होणारे कष्टाचे काम यांमुळे काही स्त्रियांचे वजन उलट गरजेपेक्षा खाली जाते.

वैद्यकीय बाजू : गरोदरपणी वजन जितके जास्त वाढते, तितके ते मागे उरण्याची शक्यता अधिक. २००९ मधील अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार, गरोदरपणापूर्वी वजन प्रमाणात असलेल्या स्त्रीसाठी ११.५ ते १६ किग्रॅ. वाढ योग्य मानली जाते. स्तनपान नीट बसल्यावर आठवड्याला साधारण अर्धा किलो घट सहसा सुरक्षित असते. कडक उपासमार टाळावी. प्रसूतीनंतरच्या थायरॉइडदाहात आधी वजन घटून पुढे वाढू शकते. अकारण झपाट्याने बदल, धडधड, अतिथकवा किंवा सतत उदासी असल्यास तपासणी आवश्यक असते. मागे उरलेल्या जादा वजनामुळे पुढील गरोदरपणात मधुमेह व उच्च रक्तदाबाचा धोका वाढतो.