इंजिन माउंट : घरी बांधलेल्या विमानाचा महत्त्वाचा दुवा

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथील घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडण्यात आले. नोंदणीसाठी २०१७ आणि उड्डाण-परवान्यासाठी २०१९ उजाडले. अशा विमानांच्या तपासणीत इंजिन माउंटला विशेष महत्त्व असते.

इंजिन माउंट म्हणजे इंजिन व विमानाचा सांगाडा यांना जोडणारी चौकट. ती बहुधा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या वेल्ड करून तयार करतात व अग्निरोधक पडद्यामागील सांगाड्याला बोल्टने जोडतात. इंजिनाचे वजन आणि पंख्याची ओढ याच चौकटीतून सांगाड्यात उतरते. कंपने शोषण्यासाठी इंजिनाच्या जोडांवर रबरी गाद्या बसवितात.

अनेक विमानांत पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता उजवीकडे फिरतो. पूर्ण जोर देताच नाक डावीकडे वळू लागते. म्हणून इंजिनाचा रोख किंचित उजवीकडे ठेवला जातो. बोल्ट ठरलेल्या टॉर्कनेच आवळून ते सैल होणार नाहीत, अशी व्यवस्था करावी लागते. वेल्डिंगमधील केसाएवढी चीरही कंपनांनी वाढत जाते आणि अखेर नळी तुटू शकते. म्हणूनच जोडणीनंतरही प्रत्येक सांध्याची वेळोवेळी तपासणी आवश्यक ठरते.