तीन डबे, चार देश

पुण्यात नाना पेठेतल्या ज्या गॅरेजात मी सत्तरच्या दशकात हात काळे करायला शिकलो, तिथे पान्यांचे तीन डबे होते. एक बुलेटचा, एक जीपचा, एक फियाट नि चेतकचा. एका डब्यातला पाना दुसऱ्यात सापडला की उस्ताद तोंडाने काही बोलायचे नाहीत. तो पाना फळीवर मधोमध ठेवायचे आणि चहाला निघून जायचे. कुणी केलं ते पोरांनी आपसात शोधायचं.

शिस्त उगाच नव्हती. बुलेट 1955 पासून मद्रासला बनत होती, पण मापं इंग्लंडची. तिथल्या जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांची पद्धत ठरवून दिली, त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा असायचा. मोटरसायकलींचे आटे पुढे निराळे झाले, पाने मात्र व्हिटवर्थच्याच मापाचे राहिले. या पान्यांची गंमत अशी की त्यांच्यावरचा आकडा जबड्याचा नसतो, बोल्टच्या दांड्याचा असतो. पाव इंची पान्याचा जबडा सव्वातेरा मिलिमीटरहून किंचित मोठा. म्हणजे 13 चा पाना नटावर चढत नाही आणि 14 चा चढतो, पण फिरताना कोपरे खातो. त्यात दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवायला इंग्रजांनी व्हिटवर्थ बोल्टांची डोकी एका मापाने लहान केली, म्हणून जुन्या पान्यांवर एकाच तोंडाला दोन-दोन आकडे दिसतात. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी असे पाने आजही मिळतात. लष्कराच्या डिस्पोजलमधून आलेले, ऑइल कितीही पुसलं तरी काळेच.

जीपचं माप अमेरिकी. तिथे आकडा जबड्याचा, आणि आम्ही तो सुतात बोलायचो: साडेतीन सूत, चार सूत, साडेचार सूत. आठ सुतांचा इंच. फियाट कुर्ल्याला बनत होती आणि चेतक आकुर्डीला, पण दोघींचं माहेर इटली, त्यामुळे सगळं मिलिमीटरमध्ये. दशमान मापांचा कायदा 1956 चा. काही वर्षांत दुकानातली शेर-पायली गेली, गज गेला, मीटर आला. बुलेटच्या नटांना हा कायदा कुणी वाचून दाखवला नव्हता.

नवीन पेटी घेणाऱ्या पोरांना मी म्हणूनच आधी विचारतो, काम कशावर करणार? आजच्या गाड्यांवर करणार असशील तर 8 ते 19 मिलिमीटरच्या गोट्या, म्हणजे सॉकेट, पुरतात. दुकानदार त्याहून मोठी पेटी दाखवून भुलवतो, तिकडे बघू नये. जुनी बुलेट हातात घेणार असशील तर व्हिटवर्थ पान्यांचा खर्च वेगळा धर.

पाना चुकला तर निदान सरकतो आणि कळतं. स्क्रू ड्रायव्हर चुकला तरी बराच वेळ काम होतंय असंच वाटतं, आणि तिथेच घात होतो. चपट्या खाचेचा स्क्रू शेकडो वर्षं जुना. बंदुकांच्या चापांत आणि चिलखतांत तो होता तेव्हापासून त्याची खोड एकच, पातं बाजूला निसटतं. कॅनडातल्या पी. एल. रॉबर्टसनने 1908 च्या सुमारास चौकोनी खाचेचा स्क्रू काढला. स्वतःच्या हातात ड्रायव्हर घुसल्यावर त्याला ही बुद्धी झाली, असं सांगतात. फोर्डच्या मोटारींत हे स्क्रू गेले, वेळ वाचला, आणि मग फोर्डला त्यावर आपला ताबा हवासा झाला. रॉबर्टसन नाही म्हणाला. हा माणूस हट्टी नसता तर आज आपल्या सगळ्यांच्या पेटीत चौकोनी टोकाचे ड्रायव्हर असते, असं मला वाटतं.

त्याऐवजी आला फुल्लीचा स्क्रू, आम्ही ज्याला स्टार म्हणतो. ओरेगनच्या हेन्री फिलिप्सच्या नावावर 1936 ची पेटंटं आहेत, मूळ कल्पना जॉन थॉम्प्सन नावाच्या माणसाची. जनरल मोटर्सने त्याच सुमारास कॅडिलॅक गाड्यांना तो वापरला. कारखान्यातल्या यंत्राला फुल्ली चटकन सापडते, टोक आपोआप मध्यावर बसतं. पण खाचेच्या भिंती तिरप्या, म्हणून जोर वाढला की टोक वर उचललं जातं. हे मुद्दाम केलं, की आधी घडलं आणि मग त्याला गुण म्हटलं, यावर जाणकार अजून भांडतात. दुरुस्ती करणाऱ्याला तो अवगुणच. कारखान्याने स्क्रू एकदा बसवायचा असतो. दहा वर्षांचा गंज चढल्यावर तो काढायचा आपल्याला असतो.

आणि मग 1985 आलं. हिरो होंडाची सीडी 100, यामाहाची आरएक्स 100, त्याआधी इंड-सुझुकी. नाना पेठ जपानी झाली. इंजिनाच्या साइड कव्हरचे स्क्रू फुल्लीचेच दिसत होते, पेटीत फुल्लीचा ड्रायव्हर होता, मग अडलं कुठे? वर्षभरात गल्लीतल्या निम्म्या गाड्यांच्या कव्हरवर चिरडलेली डोकी दिसायला लागली. पोरं म्हणायची, जपानी स्क्रू मऊ असतात. मऊ नव्हते. जपानची फुल्ली त्यांच्या स्वतःच्या मानकाची होती. अमेरिकी ड्रायव्हरचं टोक त्या खाचेत तळाला आधी टेकतं, त्याच्या पाकळ्या भिंतींना पुरत्या भिडतच नाहीत. जोर लावला की तो डोकं खरवडत वर येतो. अशा बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं. खूण समोर होती, वाचणारा कुणी नव्हता. जपानी टोकाचा ड्रायव्हर मिळाला की तोच स्क्रू मुकाट सुटतो. नाही मिळाला तर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट, कारण ठोका बसताना टोक आत दाबलं जातं आणि त्याच क्षणी फिरतं.

चपटा ड्रायव्हर घेताना दोनच गोष्टी बघतो: पातं खाचेची पूर्ण लांबी भरतं का, आणि टोक पाचरीसारखं निमुळतं आहे की समांतर. कार्ब्युरेटरचा जेट पितळी असतो, त्याला निमुळतं पातं लावणं म्हणजे जेट फेकून देणं. दांडा चौकोनी असेल तर उत्तम, त्याला पाना लावता येतो. हे सगळं आपल्याकडे चांगल्या पोलादात सहज मिळायला लागलं ते नाशिकला टपारियाने 1969 मध्ये एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक मदतीने कारखाना सुरू केल्यानंतर. त्याआधी बहुतेक विलायती नाहीतर लोहाराच्या हातचं.

रॅचेट आमच्याकडे उशिरा आलं. टी हँडलवर पिढ्या निघाल्या. खरं तर रॅचेटच्या पान्याचं अमेरिकी पेटंट 1863 चं आहे, व्हरमाँटच्या जे. जे. रिचर्डसनचं. 1920 मध्ये स्नॅप-ऑनवाल्यांनी पाच हँडल आणि दहा गोट्या विकायला काढल्या. पाचांत पन्नास पान्यांचं काम, असा त्यांचा दावा. पण मला सगळ्यात आवडते ती पीटर रॉबर्ट्सची गोष्ट. सीअर्सच्या दुकानात काम करणाऱ्या या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने 1963-64 मध्ये असं रॅचेट बनवलं की मागचं बटण दाबलं की गोटी एका हाताने सुटते. कंपनीने हक्कांचे त्याला फार तर 10 हजार डॉलर देऊ केले आणि लाखांनी रॅचेटं विकली. पोरगा कोर्टात गेला. 1989 मध्ये निकाल लागता लागता समझोता झाला, 80 लाख डॉलरहून जास्त. तेलकट बोटांनी ते बटण दाबताना मला दर वेळी बरं वाटतं.

रॅचेटचे दाते मोजून घ्यावेत. 24 दात्यांचं हँडल दर टिकेला 15 अंश मागे न्यावं लागतं, 72 दात्यांचं फक्त 5. फियाटच्या बॉनेटखाली अडचणीत हात घातलेल्याला यातला फरक कळतो. पण दाते बारीक म्हणजे आतली खिटीही नाजूक. जाम नट सोडायला दांडा वेगळा ठेवा, रॅचेटवर पाइप चढवू नका.

आणि वंगण. इथे सगळ्यांत जास्त अडाणीपणा चालतो. बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालणारा आपला मुलूख; कॅस्ट्रॉलचं नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलं आणि पहिल्या महायुद्धातली विमानं एरंडेलावर उडाली. पण ते तापलेल्या इंजिनाला ठीक. रॅचेटमध्ये पडून राहिलं की त्याचा डिंक होतो. खोबरेल पुण्याच्या थंडीत थिजतं. चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस भरलं तर खिटी दात्यात वेळेवर पडत नाही, भरल्या जोरात हँडल निसटतं आणि बोटांची सालटी निघतात. डब्ल्यूडी-40 हे 1953 मध्ये ओल हटवण्यासाठी बनवलेलं, त्याच्या भरवशावर वर्ष काढू नये. झाकण उघडावं, खिटी-स्प्रिंग कुठे कशी बसली ते बघून ठेवावं, रॉकेलने धुवावं, कोरडं पुसावं आणि शिलाई मशीनचं तेल दोन-तीन थेंब. ऐकू येणारी टिकटिक हलकी आणि स्वच्छ झाली की पुरे.

स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला मात्र तेलाचा थेंबही नको. खाच आधीच चिरडलेली असेल तर टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट चिमूटभर लावून बघा. तिची कच खाचेला धरते, आणि निम्म्या वेळा ड्रिल काढावं लागत नाही.