पुढची खरेदी कोणती? छायाचित्रकाराच्या खिशाचा इतिहास

छायाचित्रणाचा नाद लागलेल्या माणसाला एक प्रश्न कधीच सोडत नाही. हाताशी थोडे पैसे साठले, आता काय घ्यावे? नवा कॅमेरा, दुसरे भिंग, की फ्लॅश? शाळेच्या विज्ञान मंडळाला वर्षातून एकदा चार पैसे मिळतात, तेव्हा हाच प्रश्न शिक्षकांपुढे येतो. उत्तर बहुधा जाहिरात देते किंवा दुकानदार देतो. मग घेतलेली वस्तू दोन महिन्यांनी कपाटात जाऊन बसते आणि पुढच्या वर्षी मंडळाला पैसे मागायला तोंड राहत नाही.

हा प्रश्न नवा नाही. छायाचित्रणाच्या जन्मापासून तो लोकांना पडत आला आहे. त्यांनी तो कसा सोडवला, कुठे पैसे वाया घालवले, हे पाहिले तर आपल्यालाही एक पद्धत सापडते. ती पद्धत विज्ञानाचीच आहे: चित्र नेमके कशामुळे अडते आहे ते आधी शोधायचे आणि पैसा तिथेच घालायचा.

सुरुवात १८३९ पासून करू. त्या वर्षी १९ ऑगस्टला पॅरिसमध्ये लुई दागेर याची कृती जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवायची ही रीत होती. अल्फॉन्स जिरू याने या कामाचा सगळा सरंजाम विकायला काढला. किंमत ४०० फ्रँक, वजन सुमारे ५० किलो! एवढे पैसे मोजूनही माणसाचे चित्र काढणे जवळजवळ अशक्य होते, कारण एका चित्राला कित्येक मिनिटे लागत. तेवढा वेळ कोण निश्चल बसणार?

अडथळा होता भिंगाचा. भिंगात किती प्रकाश शिरतो हे एका साध्या गुणोत्तरावरून कळते. भिंगाच्या नाभीय अंतराला त्याच्या छिद्राच्या व्यासाने भागायचे. येणाऱ्या संख्येला एफ-अंक म्हणतात. अंक जितका लहान, तितका प्रकाश जास्त. आणि प्रकाश क्षेत्रफळावर अवलंबून असल्याने तो अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. दागेरच्या कॅमेऱ्याचे भिंग सुमारे एफ/१५ चे होते. व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्झव्हाल यांनी १८४० मध्ये एफ/३.६ चे भिंग गणिताने बेतले. आकडेमोड इतकी प्रचंड होती की ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील हिशेबात तरबेज सैनिक त्यांच्या मदतीला देण्यात आले होते. पंधराला ३.६ ने भागून वर्ग करा. उत्तर सुमारे सतरा येते. म्हणजे तेवढ्याच वेळात सतरा पट प्रकाश! त्याच सुमारास पत्र्यावरचे रासायनिक संस्कारही सुधारले आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले.

पण हे भिंग सर्वगुणसंपन्न नव्हते. त्याने चित्राचा मध्य स्वच्छ येई, कडा धूसर होत. चेहऱ्याच्या चित्राला ते उत्तम. डोंगर, देवळे, इमारती यांना निरुपयोगी. देखाव्याच्या छायाचित्रकाराने ते घेतले असते तर पैसे पाण्यात गेले असते. म्हणून ‘चांगले भिंग कोणते?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कशाचे चित्र काढायचे, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

हाच धडा १८५० नंतरच्या काळात पुन्हा मिळतो. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने १८५१ मध्ये काचेवरील ओल्या कलोडियनची कृती प्रसिद्ध केली. चित्र अतिशय स्वच्छ येई आणि एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती निघत. अडचण एकच होती. काच ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे. त्यामुळे छायाचित्रकाराबरोबर काळोखाचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि ओझे वाहणारा माणूस असा लवाजमा निघे. आता पैसा कॅमेऱ्यावर कमी आणि तंबूवर जास्त जाऊ लागला.

आपल्या देशातही याच काळात हा छंद रुजत होता. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. आपल्या उन्हाळ्यात ओली काच पाहता पाहता सुकते. म्हणून येथे काम करणाऱ्या अनेकांनी मेण लावलेल्या कागदाची जुनी निगेटिव्हच पसंत केली. कॅप्टन लिनियस ट्राइप याने १८५५ मध्ये ब्रह्मदेशात आणि पुढे दक्षिण भारतात काढलेली देवळांची चित्रे कागदी निगेटिव्हवरची आहेत. कागद आधी तयार करून नेता येई आणि मुक्कामावर परतल्यावर धुता येई. देऊळ काही हलत नाही, म्हणून वेळ जास्त लागला तरी चाले. नवी रीत हाती असूनही जुनी निवडणे हा येथे मागासपणा नव्हता. कामाचा आणि हवामानाचा तो नीट केलेला हिशेब होता.

याच काळातील दुसरे उदाहरण ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचे. कोलकात्यात जन्मलेल्या या बाईंना १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलीने व जावयाने कॅमेरा भेट दिला. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरील घरात त्यांनी कोळशाच्या खोलीची काळोखी खोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याला काचा लावून चित्रे काढायची जागा तयार केली. एका बाजूने येणारा मऊ प्रकाश त्यांना हवा होता, तो त्यांनी असा मिळवला. त्यांनी काढलेली डार्विन, हर्शेल यांची चित्रे आजही पुस्तकांत छापली जातात. प्रकाश ताब्यात घेणे ही छायाचित्रणातली फार मोठी आणि फार स्वस्त सुधारणा आहे.

ओल्या काचेचे ओझे हलके केले एका डॉक्टरांनी. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना प्रसिद्ध केली. पुढे १८७७ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर गावच्या जॉर्ज ईस्टमन नावाच्या २३ वर्षांच्या बँक कर्मचाऱ्याने सहलीसाठी ओल्या काचेचा सरंजाम घेतला. सुमारे ९४ डॉलर गेले, शिवाय तो वापरायला शिकण्याची फी पाच डॉलर! सहल झालीच नाही, पण एवढे ओझे कशाला वाहायचे, हा प्रश्न मात्र ईस्टमनच्या डोक्यात राहिला. आधी कोरड्या काचा, मग गुंडाळता येणारी फिल्म आणि १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा अशी त्याची वाटचाल झाली.

या कॅमेऱ्याची किंमत २५ डॉलर होती. आत १०० चित्रांची फिल्म भरलेली असे. ती संपली की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. दहा डॉलरमध्ये चित्रे धुऊन, छापून, नवी फिल्म भरून मिळे. गणित करून पाहा. तिसऱ्यांदा कॅमेरा पाठवला की धुलाईचा एकूण खर्च ३० डॉलर, म्हणजे कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त. पुढे १९०० मध्ये आलेला ब्राउनी कॅमेरा तर फक्त एक डॉलरचा होता. त्याची सहा चित्रांची फिल्म १५ सेंटला मिळे. सातव्या रिळाला फिल्मचा खर्च १ डॉलर ५ सेंट होतो. अवघ्या ४२ चित्रांत फिल्मने कॅमेऱ्याला मागे टाकले! वस्तूची किंमत आणि छंदाची किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली पाटीवर लिहिलेली असते, दुसरी आपली आपण काढावी लागते.

‘पुढे काय घ्यावे’ हा प्रश्न आजच्या रूपात मात्र १९३० च्या सुमारास उभा राहिला. ऑस्कर बार्नाक याने बेतलेला लायका हा छोटा कॅमेरा १९२५ मध्ये जर्मनीतील लाइप्झिगच्या जत्रेत आला. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर तो २४ × ३६ मिलिमीटरची चित्रे घेई. १९३० मध्ये त्याचे भिंग काढून दुसरे लावता येऊ लागले. तोपर्यंत सर्वसाधारण हौशी माणूस एकदाच एक कॅमेरा घेई. आता एकेक भाग जोडत जायची सोय झाली आणि त्याबरोबर एक बंधनही आले. भिंग बसवण्याची बैठक, म्हणजे माउंट, प्रत्येक कंपनीची निराळी. एका माउंटची दोन-तीन भिंगे घेतली की माणूस त्या कंपनीशी बांधला जातो. निकॉनने १९५९ मध्ये आणलेला माउंट पुढे साठ वर्षांहून अधिक काळ त्यांच्या नव्या कॅमेऱ्यांत टिकला. त्यामुळे पहिला कॅमेरा घेताना आपण खरे तर पुढच्या अनेक खरेद्यांची दिशा ठरवत असतो.

आपल्याकडे त्या काळी आयातीवर निर्बंध होते. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक-३ हा मध्यमवर्गीय घरांतला ओळखीचा कॅमेरा. एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे येत. वाढदिवसाला दोन, सहलीला सहा, असे मोजूनमापून फोटो काढले जात. उटीला १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म पुढे आपल्या बाजारात आली. तरी रोल आणि धुलाई यांचाच खर्च हौशी माणसाला जाचत असे.

फिल्मच्या युगात एक गोष्ट मात्र समतेची होती. त्याच आकाराची उत्तम फिल्म साध्या कॅमेऱ्यातही भरता येई आणि महागड्यातही. त्यामुळे कॅमेऱ्याच्या पेटीपेक्षा भिंगावर पैसा घालणे शहाणपणाचे ठरे. स्टीव्हन सॅसन याने कोडॅकमध्ये १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे चित्र १०० × १०० बिंदूंचे होते आणि ते नोंदवायला २३ सेकंद लागत. त्या प्रयोगाचे पुढे युग झाले, फिल्मचा खर्च गेला. पण प्रकाश टिपणारा संवेदक कॅमेऱ्यातच कायमचा बसला. म्हणून काही वर्षे नवा कॅमेरा घेणे म्हणजे चांगली फिल्म घेण्यासारखे झाले. आता मात्र लागोपाठच्या दोन नमुन्यांत फार मोठा फरक क्वचितच दिसतो. भिंग दहा-वीस वर्षे साथ देते, कॅमेरा त्याआधीच जुना होतो.

या इतिहासातून निघणारी पद्धत वर्गातही करून पाहता येईल. आपले अलीकडचे पन्नास फसलेले फोटो काढा आणि कारणांप्रमाणे त्यांचे ढीग करा.

पहिला ढीग, सगळेच चित्र एका दिशेला पुसटलेले. येथे कॅमेरा हलला आहे. उपाय ट्रायपॉड, तोवर भिंतीचा किंवा बाकाचा आधार.

दुसरा ढीग, भिंत स्वच्छ पण धावणारे मूल पुसट. येथे ट्रायपॉडचा काही उपयोग नाही. शटर जलद हवे, म्हणजे प्रकाश जास्त हवा. एफ/५.६ ऐवजी एफ/१.८ चे भिंग घेतले तर ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे साडेनऊ पट प्रकाश. १/१० सेकंदाचे काम जवळजवळ १/१०० सेकंदात होते. पन्नास मिलिमीटरचे असे भिंग बहुतेक माउंटसाठी तुलनेने स्वस्तात मिळते.

तिसरा ढीग, फूल किंवा किडा फारच लहान आलेला. यासाठी महागडे भिंग घेण्याआधी पोकळ नळी, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब, पाहावी. तिच्यात काच नसते. ती भिंगाला फक्त पुढे ढकलते. दूरवर केंद्रित केलेल्या ५० मिलिमीटरच्या भिंगामागे २५ मिलिमीटरची नळी लावली तर विशालन २५ भागिले ५०, म्हणजे निम्मे मिळते. दहावीच्या पुस्तकातले भिंगाचे सूत्र वापरून विद्यार्थी हे स्वतः पडताळू शकतील.

चौथा ढीग, चेहऱ्यावर कडक सावल्या. उपाय खिडकी आणि पांढऱ्या पुठ्ठ्याचा तक्ता. खर्च जवळजवळ शून्य.

पाचवा ढीग, यांत्रिक दोष काही नाही, पण चित्रात पाहण्यासारखेही काही नाही. या ढिगासाठी कोणत्याही दुकानात काही मिळत नाही. सराव करावा लागतो.

ज्या ढिगाची उंची सर्वांत जास्त, तिकडे पैसा. पाचवाच ढीग मोठा निघाला तर पैसे शिल्लक ठेवावेत, किंवा ज्याचे चित्र काढायचे तिथवर जाण्याच्या भाड्यावर खर्च करावेत.

आणखी एक. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात आणि भिंग कायमचे बाद होऊ शकते. वापरलेले भिंग घेताना ते उजेडापुढे धरून आरपार पाहावे. घरी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावे. जेल ओले झाले की गरम करून सुकवावे. नवी वस्तू घेण्याआधी हा डबा घरात आहे ना, ते पाहून घ्यावे.