तलावाच्या पाळीवरून

महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. पानिपतच्या तिन्ही लढायांची साले मला पाठ आहेत. परंतु माझ्या आजीने जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत रोवणी केली, त्या धानपट्ट्याच्या इतिहासावर मी वर्गात कधी एक तासही घेतला नव्हता. घरातला पहिला पदवीधर मी. पदवी घेताना आपलेच गाव विसरायला शिकलो होतो. कुडव्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने एके दिवशी विचारले, "सर, आमच्या गावाला इतिहास नाही का?" मला उत्तर देता आले नाही. म्हणून श्रावणातल्या एका रविवारी वही घेऊन कुडव्याला गेलो.

कुडवा गोंदियाला अगदी लागून. शहर आता गावात शिरले आहे. रस्त्याकडेला प्लॉटच्या पाट्या आणि पाट्यांमागे धानाच्या बांध्या असे दृश्य. बाया ओणव्याने रोवणी करत होत्या. बांधी कोणाची, हे त्यांनी चटकन सांगितले. पण "तुमची किती?" म्हणताच हसल्या. त्या हसण्यात भूमिहीनतेचा सगळा इतिहास होता, आणि तो कोणत्याही दप्तरात नाही.

गाव मागे टाकून धुऱ्याधुऱ्याने पुढे गेलो. एका बोडीच्या पाळीवर बसलो. पूर्व विदर्भ हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाचे पाणी अडवण्याचे कसब गोंड राजवटीपासून प्रसिद्ध आहे. पुढे इंग्रजांनी १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण केला आणि त्या दशकातील जमाबंदीत मालगुजारांना गावाच्या मालकीचे हक्क दिले. सारा गोळा करणारा माणूस गावाचा धनी झाला. तलाव त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आजही कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी तलाव' आहेत. मालगुजारी गेली, नाव राहिले. माती खणणाऱ्याचे, टोपली वाहणाऱ्याचे नाव मात्र तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

पाळीवर गुरे राखणारे एक म्हातारे भेटले. मी नमस्कार केला, तेव्हा ते "जयभीम" म्हणाले. त्यांचे आजे कोतवाल होते. "काय काम असे, काकाजी?" मी विचारले. "सगळंच," ते म्हणाले. साहेब आला की सामान वाहायचे, रात्री गस्त घालायची, सरकारी सांगावा पोहोचवायचा. शिवाय गावात कोण जन्मले, कोण मेले, हे ठाण्यावर जाऊन सांगायचे. मध्य प्रांतात जन्ममृत्यूची नोंद अशाच कोतवालांच्या तोंडी खबरेवर चालत असे. विचार करा, सरकारचे आकडे ज्याच्या स्मरणशक्तीवर उभे होते, त्याला अक्षर शिकण्याची वाट मात्र समाजाने बंद केली होती. साऱ्या गावाचे जन्म त्याने नोंदवले. त्याच्या स्वतःच्या जन्माची तारीख त्याच्या नातवाला ठाऊक नाही.

दुपारी वस्तीत परतलो. नव्वदीच्या घरातल्या एका आजीच्या ओसरीवर चहा झाला. तिचे माहेर भंडाऱ्याकडचे. मी तिला तलावाविषयी विचारले. ती म्हणाली, "तलाव आमच्या बापानं खोदला बाबू, पन घाट आमचा नव्हता." गुरे ज्या बाजूला उतरत, त्या बाजूचे पाणी हिच्या घरचे. विहिरीवर तर कोणी वरून ओतेल तेव्हा घागर भरायची. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले, ते मी दरवर्षी शिकवतो. पण चवदार तळे गावोगाव होते, हे मला या ओसरीवर कळले.

मग तिने १९५४ ची गोष्ट काढली. भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा, प्रत्येकाला दोन मते. "बापानं दोन चिठ्ठ्या दोन पेट्यांत टाकल्या. दुसरी वाया घालवू नोको, असं बाबासाहेबानं सांगितलं होतं." सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले. घटनेचा शिल्पकार या धानपट्ट्यात पडला! आजी म्हणाली, "त्या दिवशी आमच्या घरी चूल नाही पेटली." दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, तिचा बाप नागपूरला पायी निघाला. मतपेटीने जे नाकारले, ते त्याने दीक्षाभूमीवर स्वतःच्या हाताने घेतले.

अलीकडे या तलावांचा गौरव होऊ लागला आहे. पर्यावरणाचे अभ्यासक त्यांना गावाच्या सामूहिक शहाणपणाचा वारसा म्हणतात. तलाव वाचले पाहिजेत, गाळ निघाला पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु त्या 'समूहात' आपण होतो काय? १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली, १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. मालगुजाराची घरची शेती त्याच्याकडे राहिली, कुळांना हक्कांची वाट मोकळी झाली. ज्याच्याजवळ कुळवहिवाटही नव्हती, त्या मजुराच्या हाती काय आले? टोपली होती, तीच राहिली. वारशाचे गोडवे गाताना हा हिशेब टाळणे म्हणजे घाटावरची जुनीच रेघ पुन्हा ओढणे होय.

संध्याकाळी परतताना माझ्या वहीची अवघी अकरा पाने भरली होती. जमाबंदीच्या दप्तरात 'वाजिब-उल-अर्ज' नावाचा कागद असतो. गावाच्या रूढी आणि हक्क त्यात लिहिलेले असतात. तो आपण वाचलाच पाहिजे. पण त्याच्या शेजारी आजीची साक्ष ठेवल्याशिवाय तो वाचून पूर्ण होत नाही. आणि दप्तर थांबेल, आजी थांबणार नाही. बांधीवर प्लॉट पडला की धुऱ्यांची नावेही जातील.

म्हणून शिक्षक मित्रांनो, कार्यकर्त्यांनो, एक रविवार काढा. शेजारच्या गावी वही घेऊन जा. तलाव कोणी खोदला आणि पाणी कोणी भरले, हे दोन प्रश्न विचारा. माझ्या विद्यार्थिनीला मी सोमवारी सांगितले, "तुझ्या गावाला इतिहास आहे. तो लिहिणारी माणसे नव्हती. आता तू आहेस." तिने वही उघडली आणि पहिले नाव आपल्या आजीचे लिहिले.