मीठ, साखर आणि १३९ वर्षं

मे १८३२. स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात तुम्ही एका खाटेच्या पायथ्याशी उभे आहात. खाटेवर एक वयस्कर बाई निपचित पडली आहे. डोळे खोबणीत खोल गेलेत, ओठ निळे पडलेत, बोटांची कातडी सुरकुतली आहे. तिच्या मनगटावर बोटं टेकवून बघा, नाडी हाताला लागत नाही. बाईला पटकी, म्हणजे कॉलरा, झाली आहे. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना गाठणारी, गावोगाव जरीमरीपुढे नैवेद्य ठेवायला लावणारी तीच पटकी. गंगेच्या मुखाकडे सुरू झालेली साथ मजल दरमजल करत उत्तर समुद्रापर्यंत येऊन पोचली आहे.

या काळात पटकीवर डॉक्टर काय करतात? पाऱ्याचं औषध देतात, अफू देतात आणि शीर कापून रक्त काढतात. ज्या शरीरातलं पाणी आटत चाललंय, त्यातूनच आणखी रक्त काढायचं! काही महिन्यांपूर्वी विल्यम ओशॉनेसी नावाच्या अवघ्या बावीस वर्षांच्या डॉक्टरने पटकीच्या रुग्णांचं रक्त तपासलं. त्या रक्तातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत, हे त्याला दिसलं आणि त्याने ते ‘लॅन्सेट’मधून जाहीर केलं. जे गेलं ते परत द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

तुमच्या समोरचे डॉक्टर थॉमस लट्टा यांनी ते वाचलं आहे. त्यांनी बाईच्या दंडाच्या शिरेत चांदीची बारीक नळी घातली आणि पिचकारीने मीठ व सोडा घातलेलं कोमट पाणी आत सोडायला सुरुवात केली. एक-दोन औंसांनी काहीच होत नाही. ते सोडत राहतात. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरांच्या वर पाणी शिरेत गेलं आहे. आता पुन्हा मनगट धरा. नाडी आली. चेहऱ्यावर रंग आला, हातपाय गरम झाले. आता बरं वाटतंय, थोडी झोप हवी, असं बाई म्हणते.

धोका टळला असं समजून लट्टा तिला दुसऱ्या डॉक्टरवर सोपवून निघून जातात. तुम्ही मात्र थांबा. थोड्याच वेळात उलट्या आणि जुलाब पुन्हा सुरू होतात. पिचकारी आता कुणी हातात घेत नाही. साडेपाच तासांत बाई जाते.

उपाय बरोबर होता, पण तो अर्ध्यावर सुटला. पटकीत पाणी एकदा देऊन भागत नाही. ते जाणं थांबेपर्यंत जितकं जाईल तितकं देत राहावं लागतं. मग प्रश्न उरतो तो असा: तासन्‌तास, रात्रंदिवस ते देत कोण बसणार? पुढच्या वर्षी लट्टा वारले, साथ ओसरली आणि त्यांचा उपाय मागे पडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेनर्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात शिरेतल्या सलाईनने पटकीचे मृत्यू पुष्कळ कमी करून दाखवले. तरीही त्यासाठी बाटली, सुई, निर्जंतुक पाणी आणि शिकलेला हात लागतच होता. खेड्यात यातलं काही नव्हतं आणि पटकी तर खेड्यातही होती.

आता १९६८ सालात चला. ढाका, पूर्व पाकिस्तान. कॉलरा संशोधन प्रयोगशाळेच्या वॉर्डात रात्रपाळी सुरू आहे. इथल्या खाटा नीट बघा. कॅनव्हासच्या मध्यभागी भोक पाडलंय आणि खाली बादली ठेवली आहे. बादलीत पट्टी बुडवायची आणि किती गेलं ते लिहून ठेवायचं. रात्री दोन वाजता, तीन वाजता, चार वाजता हेच चालू राहतं. डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या विशीतल्या दोन अमेरिकन डॉक्टरांनी नियम घालून दिला आहे: बादलीत जेवढं पडेल, तेवढंच मीठ-ग्लुकोजचं पाणी रुग्णाच्या तोंडावाटे गेलं पाहिजे.

हे तुम्हाला सोपं वाटेल. त्या काळच्या जाणत्या डॉक्टरांना मात्र हे धाडस वाटत होतं. पटकी आतड्याचं अस्तर सोलून काढते, त्यामुळे तोंडाने दिलेलं पाणी शोषलंच जात नाही, अशी समजूत कित्येक वर्षं होती. नुसतं मिठाचं पाणी पाजून पाहिलं तर जुलाब वाढतात, हाही अनुभव होता. १९६० साली रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने आतड्याच्या पेशीतला एक मार्ग उलगडला. त्या पेशीला एक दार आहे असं समजा. सोडियम एकटा आला तर ते उघडत नाही. ग्लुकोजला सोबत घेऊन आला तर दोघांनाही आत घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत जातं. पटकीचं विष पाणी बाहेर फेकणारी वाट सताड उघडून ठेवतं, पण या दाराला हात लावत नाही. म्हणजे इलाजाची वाट आजारातही शाबूत असते.

तरी प्रमाण चुकलं की घात होतो. १९६२ साली मनिलामध्ये अमेरिकन नौदलाच्या पथकाने असंच पाणी देऊन पाहिलं. ते फार दाट झालं आणि पाच रुग्ण दगावले. ढाक्यातली बादली, पट्टी आणि तासातासाची नोंद कशासाठी आहे, ते आता तुमच्या लक्षात येईल. किती मीठ, किती ग्लुकोज, किती पाणी आणि केव्हा, हे अंदाजाने ठरवायचं नाही, असं या माणसांनी ठरवून टाकलं आहे. पहिली नाडी आणण्यापुरतं सलाईन शिरेतून दिलं, पुढचं सगळं तोंडाने. २९ रुग्णांवरच्या या अभ्यासात शिरेतल्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. कलकत्त्यातही अशाच चाचण्या झाल्या आणि निष्कर्ष तोच निघाला.

पण हे सगळं वॉर्डात घडलं. नर्स होत्या, डॉक्टर होते, चूक झाली तर सावरायला सलाईन हाताशी होतं. हे सगळं काढून घेतलं तर काय होईल, ते बघायला पुढे चला.

२४ जून १९७१. पश्चिम बंगालमधलं बनगाव. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. जेसोर रोडच्या दुतर्फा जुने, प्रचंड शिरीष उभे आहेत आणि त्यांच्या खालून माणसांची रांग सरकते आहे. पूर्व पाकिस्तानात लष्कराने मांडलेल्या कत्तलीतून जीव वाचवून आलेली ही माणसं. वर्ष संपेपर्यंत असे सुमारे एक कोटी लोक सीमा ओलांडून भारतात येतील. म्हाताऱ्या आईला पाठीवर घेतलेला मुलगा, डोक्यावर ट्रंक घेतलेली बाई, चिखलात बसलेली पोरं. पाणी मिळेल तिथलं प्यायचं. अशा ठिकाणी पटकीला आणखी काय हवं?

इस्पितळात शिरा. दोन खोल्या आहेत आणि सोळा खाटा. खाटा केव्हाच भरल्या, आता फरशी भरली आहे. रुग्णापर्यंत जायचं तर जुलाब आणि उलट्यांनी ओल्या झालेल्या जमिनीवर गुडघे टेकूनच जावं लागतं. तुमच्यापुढे असंच गुडघे टेकून एक डॉक्टर सुई लावतो आहे. हे डॉ. दिलीप महालनाबिस, वय ३६, बालरोगतज्ज्ञ. जन्म सीमेपलीकडच्या किशोरगंजचा, शिक्षण कलकत्ता आणि विलायतेतलं. कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रात तोंडाने द्यायच्या पाण्यावर त्यांनी काम केलं आहे. थोड्याच दिवसांत सलाईनचा साठा संपत येतो. ज्यांना सुई लावता येईल असे हातही मोजकेच आहेत.

महालनाबिस ठरवतात की शिल्लक सलाईन फक्त नाडी हरवलेल्यांसाठी ठेवायचं. बाकी सगळ्यांना तोंडाने पाणी, आणि ते पाजणार त्यांचे नातेवाईक.

तिकडे कलकत्त्याच्या केंद्रात वाचनालयाच्या खोलीत टेबलांवर तराजू मांडलेत. एक जण ग्लुकोज मोजतो, दुसरा मीठ, तिसरा खाण्याचा सोडा. प्लॅस्टिकच्या पिशवीचं तोंड गरम इस्त्रीने बंद होतं. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. खर्च लिटरला ११ पैसे. पिशव्या गाडीने बनगावला येतात, पिंपातल्या स्वच्छ पाण्यात रिकाम्या होतात आणि पिंपाच्या तोटीशी मग घेतलेल्या माणसांची रांग लागते.

त्या रांगेतली एक आई बघा. मांडीवर चारेक वर्षांचा मुलगा, मान टाकलेला. त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा, वळी तशीच उभी राहते. आई मगातून एक घोट पाजते, तो ओकतो. ती घाबरून हात मागे घेते. महालनाबिस यांच्या पथकातला मुलगा तिला बंगालीत सांगतो, “मा, दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा एकेक चमचा द्या. ओकला तरी सगळं वाया जात नाही.” तिला विश्वास वाटावा म्हणून या पाण्याला इथे तोंडाने घ्यायचं सलाईनच म्हणतात, कारण सलाईनने माणूस वाचतो हे तिने ऐकलं आहे. ती चमच्याने देत राहते. संध्याकाळपर्यंत मुलगा स्वतःच मगाकडे हात करतो. त्याला तहान लागली आहे. किती द्यायचं ते आता त्याची तहानच सांगणार आहे. लीथच्या खाटेपाशी पडलेला प्रश्न आठवा: देत कोण बसणार? उत्तर तुमच्यासमोर बसलं आहे. जिचं माणूस आहे, ती बसेल.

या कामावर शास्त्राच्या अंगाने आक्षेप घेता येतो आणि तो पुढे घेतलाही गेला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, अप्रशिक्षित माणसांच्या हाती औषध दिलं. पण बनगावच्या त्या फरशीवर उभं राहून सांगा, कुणाला पाणी द्यायचं नाही हे कोण ठरवणार होतं? नोंदी मात्र महालनाबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठेवल्या. ऑगस्टअखेरपर्यंत ३,७०३ रुग्णांवर उपचार झाले, १३५ दगावले. मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्के. सुरुवातीला छावण्यांमध्ये ते ३० टक्क्यांच्या आसपास होतं.

१९७३ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या डॉ. धीमान बरुआ यांनी बनगाव स्वतः पाहिलं होतं, त्यांनी हा विषय लावून धरला. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने संपादकीयात ग्लुकोज आणि सोडियमच्या जोडीच्या शोधाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जगात दरवर्षी पाच वर्षांखालची अंदाजे ५० लाख मुलं जुलाबाने मरत होती. आज तो आकडा साडेचार लाखांच्या आत आला आहे. स्वच्छ पाणी, लसी आणि पोषण यांचाही त्यात वाटा आहे, पण तोंडाने द्यायच्या या पाण्याचा, म्हणजे जलसंजीवनीचा किंवा ओआरएसचा, वाटा फार मोठा आहे. महालनाबिस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी वारले. पुढच्या जानेवारीत त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

शेवटचा मुक्काम अगदी अलीकडचा आहे. कर्नाटक किंवा बिहारमधला एखादा दवाखाना. तुमच्यापुढे एक माणूस डॉक्टरला सांगतो आहे की घरी दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होताहेत. हा बाप खरा नाही. संशोधकांनी पाठवलेला नट आहे. अशा भेटी दोन हजारांहून अधिक दवाखान्यांत आणि औषधदुकानांत झाल्या. निष्कर्ष २०२४ साली ‘सायन्स’मध्ये छापून आले. बहुतेकांना ओआरएस हा योग्य उपाय आहे हे माहीत होतं, तरी ते लिहून देत नव्हते. पेशंटला ते नकोच असतं, हा त्यांचा समज त्यामागचं सर्वांत मोठं कारण निघालं. आलेल्या माणसाने स्वतःहून ओआरएस मागितलं, तेव्हा ते देण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत जुलाब झालेल्या दर दहा मुलांपैकी सहांनाच ओआरएस मिळालं होतं. उरलेल्या चौघांसाठी प्रयोगशाळेत आणखी काही शोधायचं राहिलेलं नाही. आहे ते त्यांच्यापर्यंत पोचवणं आपल्याकडून राहिलं आहे.

म्हणून दवाखान्यात “एक बाटली लावा” म्हणण्याआधी ओआरएस मागा. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलंय का ते बघून घ्या. त्याच नावाशी साधर्म्य सांगणारी गोड पेयं हे औषध नव्हे. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच मिसळा, अर्धं-मुर्धं करू नका, वर साखर घालू नका आणि चोवीस तासांत संपलं नाही तर उरलेलं ओतून द्या. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबून चमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण बंद करू नका. झिंकच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून १४ दिवस पूर्ण द्या. मूल सुस्त पडलं, काही पिईनासं झालं, शौचातून रक्त आलं किंवा लघवी थांबली, तर पाजत पाजतच दवाखाना गाठा. आणि आज बाजारात जाल तेव्हा दोन पाकिटं आणून घरात ठेवा.