वृद्धिसंप्रेरक आणि चरबीचें पेव

मनुष्याच्या मेंदूच्या तळाशीं, हाडाच्या एका लहानशा खोबणींत, वाटाण्याएवढी पीयूषिका नांवाची ग्रंथि असते. तिच्यांतून रक्तांत मिसळणाऱ्या एका स्रावास वृद्धिसंप्रेरक, म्हणजेच ग्रोथ हॉर्मोन, असें म्हणतात. नांवावरून त्याचें काम उंची वाढविण्याचें, एवढाच बोध होतो. परंतु हेंच द्रव्य शरीरांतील चरबीच्या सांठ्याचाही कारभार पाहतें. हें दुसरें काम उजेडांत कसें आलें, त्याचा इतिहास बोधप्रद आहे.

१८८६ सालीं पिएर मारी या फ्रेंच वैद्यानें, ज्यांचे हात, पाय व जबडा प्रौढपणीं अवाजवी वाढतात अशा रोग्यांचें वर्णन करून त्या विकारास ॲक्रोमेगॅली हें नांव दिलें. या विकाराचें मूळ पीयूषिकेंत आहे हें पुढें हळूहळू सिद्ध झालें. १९२१ सालीं कॅलिफोर्नियांतील इव्हान्स व लाँग यांनीं गुरांच्या पीयूषिकेच्या पुढील भागाचा अर्क उंदरांस टोचला, तेव्हां ते उंदीर इतरांहून कितीतरी थोराड झाले. वाढीचा स्राव या ग्रंथींतच आहे, याचा हा ढळढळीत पुरावा होता.

पण वाढलेल्या देहांत भर कशाची पडली? मांसाची कीं चरबीची? १९३४ सालीं ली व शॅफर यांनीं केवळ वजनावर न थांबतां उंदरांच्या शरीराचें रासायनिक पृथक्करण केलें. अर्क टोचलेल्या उंदरांत प्रथिनें व पाणी यांचें प्रमाण अधिक आणि चरबीचें कमी आढळलें. ज्यानें देह वाढला, त्यानेंच चरबी घटली होती.

गुरांपासून काढलेलें हें द्रव्य मनुष्यास मात्र लागू पडेना. म्हणून मृत मनुष्यांच्या पीयूषिकेंतून तें काढावें लागलें. १९५८ सालीं बोस्टन येथील मॉरिस रेबेन यांनीं तें देऊन खुंटलेल्या वाढीच्या एका सतरा वर्षांच्या मुलाची उंची वाढविली. पुढच्याच वर्षीं रेबेन व हॉलेनबर्ग यांनीं दाखविलें कीं, तें टोचल्यावर रक्तांतील मुक्त मेदाम्लें वाढतात. हीं मेदाम्लें चरबीच्या पेशींतून बाहेर पडलेलीं होतीं.

याचा उलगडा घरगुती दृष्टान्तानें होईल. सुगीच्या दिवसांत शेतकरी पेवांत धान्य भरतो व टंचाईंत पेव उघडतो. जेवणानंतर इन्शुलिन चरबीचें पेव भरतें. उपाशीं वेळीं वृद्धिसंप्रेरक तें उघडण्यास हातभार लावतें. त्याच्या प्रभावानें पेशींतील चरबी फुटून मेदाम्लें व ग्लिसरॉल मोकळीं होतात, आणि नवी चरबी सांठविण्याचें कामही मंदावतें. १९६३ सालीं न्यूयॉर्क येथें यालो, बर्सन व त्यांचे सहकारी यांनीं, रक्तांतील साखर उतरली किंवा दीर्घ उपवास घडला म्हणजे हें संप्रेरक वाढतें, असें मोजून दाखविलें. उपासमारींत देहानें चरबी जाळावी व मांस राखावें, अशी ही निसर्गाची योजना आहे.

या योजनेस मोलही पडतें. मेदाम्लांवर चालणारे स्नायु साखर कमी घेतात, इन्शुलिनचा प्रभाव उणावतो व रक्तांतील साखर चढते. ॲक्रोमेगॅलीच्या रोग्यांत मधुमेह पुष्कळदां आढळतो, तो यामुळेंच.

मृतांपासून काढलेल्या द्रव्यांतून मेंदूचा एक प्राणघातक रोग कांहीं रोग्यांस जडल्याचें १९८५ सालीं उघडकीस आलें आणि अमेरिकेंत त्याचा वापर थांबला. त्याच वर्षीं सूक्ष्मजंतूंकडून तयार करविलेलें संप्रेरक तेथें औषध म्हणून मान्य झालें. आतां पुरवठ्याची अडचण उरली नाहीं. पण मोहाची वाट मोकळी झाली. १९९० सालीं डॅनियल रडमन यांनीं साठीपुढील बारा पुरुषांस तें सहा महिने दिलें, तेव्हां त्यांची चरबी सुमारें १४ टक्क्यांनीं घटली. एवढ्या आधारावर तारुण्य व सडपातळपणा विकणाऱ्यांचा बाजार भरला. २००७ सालीं निरोगी वृद्धांवरील अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यांत आला. त्यांत चरबींतील घट सरासरीनें दोन किलोच भरली. सूज व सांधेदुखी मात्र पदरीं पडली.

ज्याच्या शरीरांत हें संप्रेरक मुळांतच कमी आहे, त्यास तें वैद्याच्या देखरेखीखालीं वरदान ठरतें. निरोगी मनुष्यास गाढ झोप, व्यायाम व दोन जेवणांतील अंतर यांच्या योगें तें घरच्याघरीं स्रवतें. पेवाची किल्ली निसर्गानें ज्याच्या हातीं दिली, त्याच्या हातून ती केवळ हौसेखातर हिसकावूं नये, हाच या इतिहासाचा बोध.